डोळ्याला उजेड, कातडीला ऊन: सोलापुरात मुलांना बाहेर कधी आणि किती वेळ सोडायचं?

प्रश्न असा आहे: "मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. शाळेतल्या तपासणीत नंबर निघाला, दोन्ही डोळ्यांना उणे सव्वा. नेत्रतज्ज्ञांनी चष्मा दिला आणि रोज दोन तास बाहेर, मोकळ्यावर राहू द्या म्हणाले. आम्ही जुळे सोलापूर भागात तिसऱ्या मजल्यावर राहतो. मार्चपासून दार उघडलं की झळा लागतात. खाली पार्किंग आणि रस्त्यावर कुत्री. सासूबाई म्हणतात, पोर उन्हानं आजारी पडेल आणि काळं पडेल ते वेगळंच. बाहेर राहून खरंच काही फायदा होतो का? होत असेल तर सोलापुरात हे जमवायचं कसं? धाकटी चार वर्षांची आहे, तिला अजून नंबर नाही."

ताई, सासूबाईंचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. एप्रिल-मेच्या दुपारी सोलापुरात लेकराला बाहेर खेळायला सोडणं धोक्याचंच आहे. आणि नेत्रतज्ज्ञांचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. घरोघरी या दोन गोष्टींची गल्लत होते, कारण 'बाहेर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त ऊन येतं. डोळ्याला हवा असतो उजेड, त्याला ऊन लागत नाही. कातडीला मात्र ऊनच लागतं, नुसत्या उजेडावर तिचं भागत नाही. झोपेला सकाळ लागते, हाडांना आणि पायांना उड्या मारायला जागा लागते. प्रत्येकाची वेळ निराळी. एवढं वेगळं करून घेतलं की सोलापूरच्या हवेतसुद्धा हिशेब बसतो.

आधी डोळा, कारण तुमचा प्रश्न तिथून सुरू झालाय आणि सगळ्यात भक्कम पुरावाही तिथेच आहे.

उणे नंबर म्हणजे बहुतेक वेळा बुबुळाच्या मागचा डोळ्याचा गोल वाजवीपेक्षा लांब वाढलेला असतो. त्यामुळे लांबच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या आतल्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडे पडते आणि फळा धूसर दिसतो. लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही, म्हणून वाढीच्या वयात तो किती झपाट्याने लांबतोय याला महत्त्व. भरपूर उजेड डोळ्यात गेला की पडद्यातून डोपामिन नावाचं रसायन जास्त स्रवतं आणि ते या लांबण्याला लगाम घालतं, असं आजचं शास्त्र मानतं. गाजर खाऊन नंबर जात नाही. सकाळी उठून हिरव्या गवताकडे टक लावून पाहिल्यानेही जात नाही. हिरवा रंग औषध नव्हे, उजेड औषध आहे.

किती उजेड? आपल्या हॉलमध्ये ट्यूबलाइट लावली तरी दोनशे-तीनशे लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) घरात उजेड असतो, खिडकीजवळ थोडा जास्त. बाहेर कडुलिंबाच्या दाट सावलीत काही हजार लक्स. उघड्या उन्हात लाखाच्या आसपास. आपल्या डोळ्याची बाहुली लहानमोठी होऊन सगळं सांभाळून घेते, त्यामुळे हा फरक आपल्याला जाणवतच नाही. मोबाइलवर लक्स मोजणारं फुकटचं ॲप मिळतं. आकडा तंतोतंत येत नाही, पण एकदा घरात मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर मोबाइल ठेवून पाहा आणि मग खाली झाडाखाली जाऊन पाहा. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या पालकांना मी हे करायला लावतो. अर्धा तास समजावून जे होत नाही ते त्या दोन आकड्यांनी होतं.

पुरावा म्हणाल तर सिडनी आणि सिंगापूरमधल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना २००८ साली प्रसिद्ध झाली. वंश तोच, वय तेच. सिंगापूरच्या मुलांत २९ टक्क्यांना उणे नंबर, सिडनीत ३ टक्क्यांच्या थोडं वर. सिडनीची मुलं पुस्तकं कमी वाचत होती म्हणावं तर तसंही नाही, उलट जास्तच वाचत होती. फरक होता बाहेर घालवलेल्या वेळेत: आठवड्याला सिडनीत जवळपास १४ तास, सिंगापुरात ३. त्यानंतर चीनमधल्या ग्वांगझूमध्ये पहिलीच्या मुलांवर रीतसर प्रयोग झाला. काही शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक जादा तास वर्गाबाहेर घेतला, बाकीच्यांनी नेहमीचंच चालू ठेवलं. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांत साडेएकोणचाळीस टक्के मुलांना नंबर लागला होता, बाहेर जाणाऱ्यांत तीस टक्क्यांना. तैवानने २०१० पासून शाळांमध्ये रोज १२० मिनिटं बाहेर हा कार्यक्रमच राबवला आणि वर्षानुवर्षं चढत चाललेला अधू दृष्टीचा आलेख तिथे खाली वळला. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेले दोन तास तिथून आलेत. तैवानच्याच अभ्यासात आणखी एक कामाची गोष्ट दिसली. रणरणतं ऊन लागत नाही, हजार लक्सच्या वरचा सावलीतला उजेडही उपयोगी पडतो. डोक्यावर टोपी असली तरी डोळ्याला पुरेसा उजेड पोचतो. सोलापूरकरांसाठी याहून चांगली बातमी नाही.

आता थोडं कडू. बाहेर राहण्याचा सगळ्यात मोठा फायदा नंबर लागण्याआधी होतो. एकदा लागलेला नंबर त्याने किती रोखला जातो, याचा पुरावा बराच कमजोर आहे. म्हणजे दादासाठी उपयोग आहे, पण खरी कमाई धाकटीची आहे. तिला आत्तापासून बाहेर काढा. दादाला लागलाय, तुम्हा दोघांपैकी कुणाला चष्मा असेल तर तिलाही लागण्याची शक्यता वाढते. दादाचा नंबर वर्षाला अर्ध्यापेक्षा जास्त वाढू लागला तर नेत्रतज्ज्ञांशी कमी तीव्रतेच्या अ‍ॅट्रोपिन थेंबांबद्दल आणि नंबर रोखणाऱ्या खास काचांबद्दल बोला, नुसतं बागेत नेऊन स्वस्थ बसू नका. आणि चष्मा पूर्ण वेळ लावू द्या. "चष्मा लावला की नंबर वाढतो" हे आपल्याकडे शिकलेली माणसंही म्हणतात, त्यात तथ्य नाही.

सोलापुरात डोळ्यांचं आणखी एक दुखणं आहे ते इथेच सांगतो. उष्ण, कोरड्या, धुळीच्या हवेत मुलांच्या डोळ्यांना ॲलर्जी होते. फेब्रुवारी-मार्चपासून डोळे लाल, खाज, पांढरा चिकट तारेसारखा स्राव, आणि मूल मुठीने डोळे चोळत बसतं. मुलग्यांत जास्त. अशा मुलाला बाहेर पाठवू नये असं नाही. टोपी किंवा गॉगल द्या, आल्यावर गार पाण्याने डोळे धुवा, स्वच्छ ओल्या कपड्याची घडी डोळ्यांवर ठेवा आणि चोळू देऊ नका, कारण वर्षानुवर्षं चोळून बुबुळाचा आकार बिघडू शकतो. मेडिकलमधून परस्पर थेंब आणणं मात्र अगदी बंद. खाज दोन दिवसांत थांबवणाऱ्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असतं आणि ते महिनोन्‌महिने टाकत राहिल्याने काचबिंदू होऊन गेलेली नजर परत येत नाही. त्यापायी ज्यांची नजर गेली अशी मुलं पाहिलीत म्हणून इतक्या कडकपणे सांगतोय.

आता कातडी आणि ड जीवनसत्त्व. इथे आपल्याकडची सगळ्यात लाडकी समजूत मोडावी लागणार आहे, ती म्हणजे कोवळं ऊन. बाळाला तेल चोळून सकाळी सातच्या उन्हात धरलं की हाडं मजबूत होतात, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. पण ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण सूर्य बराच वर आल्याशिवाय जमिनीपर्यंत पुरेसे पोचत नाहीत. खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ते ऊन ड जीवनसत्त्वाचं. सात वाजताची सावली लांबलचक असते. ते ऊन अंगाला बरं वाटतं, डोळ्याला उजेड देतं, झोपेचं घड्याळ लावतं, सगळं करतं, पण ड जीवनसत्त्वाच्या कामाचं फारसं नाही. बंद खिडकीच्या काचेतून आलेलंही नाही, काच ते किरण अडवते.

आपण कर्कवृत्ताच्या बऱ्याच खाली असल्यामुळे डिसेंबरातसुद्धा इथे साडेअकरा ते दीडच्या दरम्यान सावली उंचीपेक्षा आखूड होते. म्हणून सोलापूरच्या मुलांचा ड जीवनसत्त्वाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आहे. तेव्हा दुपारी बाराचं ऊन सोसवतं. चड्डी-बनियनवर वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस खेळू द्या. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे परदेशी पुस्तकातली पाच-दहा मिनिटं आपल्याला पुरत नाहीत. शेतावर हुरड्याला नेलंत तर हे काम आपोआप होतं. ज्वारीच्या रानात पोरं आगटीभोवती थोडाच वेळ बसतात, बाकीचा सगळा वेळ ढेकळांतून पळत असतात.

उन्हाळ्यात त्याच वेळी मुलाला बाहेर काढता येत नाही. म्हणून ज्यांची रक्ततपासणी कमी आली आहे किंवा जे मूल दिवसभर घरातच असतं त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध द्यावं लागतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यायचेच असतात, तिथे उन्हावर विसंबायचं नाही. आपण उन्हाच्या देशात राहतो, आम्हाला कसली कमतरता, असं वाटत असेल तर २०१६ ते १८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शाळकरी वयाच्या १८ टक्के आणि किशोरवयीन २४ टक्के मुलामुलींत ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली होती. आणि उलटही सांगतो. साठ हजार युनिटची पाकिटं मनानेच दर आठवड्याला, महिनोन्‌महिने पाजू नका. जास्तीचं ड जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, ते साचतं. रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता होते, मूत्रपिंडावर ताण येतो.

काळं पडण्याचं म्हणाल तर पडेल, थोडं. पावसाळ्यात उतरेल. सासूबाईंना माझं नाव सांगून सांगा की सावळ्या कातडीला उन्हापासून मूळचंच थोडं संरक्षण असतं आणि काळं पडणं हा आजार नाही. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही, कारण त्याची खरी झळ मुलींना बसते. मुलगा काळा पडला तर कुणी दोन दिवस बोलतं. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की तिचं बाहेर खेळणंच बंद होतं. नेमकं त्याच वयात हाडांत सगळ्यात जास्त कॅल्शियम भरलं जात असतं. किशोरवयीनांत कमतरता जास्त का, याचं एक उत्तर मला तरी इथे दिसतं. धाकटीच्या बाबतीत आत्ताच ठरवून टाका.

धावण्या-चढण्याबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्हालाही पटलेलंच असेल. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं दमछाक होईल असं हुंदडावं, तीन-चार वर्षांच्यांनी दिवसभरात मिळून तीन तास हालचाल करावी आणि टीव्ही-मोबाइलच्या पडद्यासमोर तासाभरापेक्षा जास्त बसू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. पण घरातल्या फरशीवर आणि मोकळ्या जमिनीवर केलेली हालचाल सारखी नसते, ते मात्र पाहण्यासारखं आहे. तुमच्या धाकटीला एकदा खडकाळ उतारावरून खाली येताना बघा. आधी ती थांबेल. एक पाय पुढे टाकून दगड हलतोय का ते चाचपेल, हलला तर पाय मागे घेईल, शेजारचा दगड निवडेल, दोन्ही हात बाजूला पसरेल, मग वजन टाकेल. घोट्याचे स्नायू, तोल, अंतराचा अंदाज आणि भीतीशी बोलणी, हे सगळं त्या दोन पावलांत चाललेलं असतं. सपाट फरशीवर यातलं काहीच करावं लागत नाही. अशा वेळी "पडशील, पडशील" म्हणून मागून ओरडू नका. ती आपला अंदाज सोडून तुमच्या आवाजाकडे बघते आणि तेव्हाच पडते.

भुकेचंही तसंच. "डॉक्टर, जेवतच नाही, टॉनिक द्या," हे वाक्य बालरोगतज्ज्ञाला दिवसभर ऐकावं लागतं. रक्त कमी असेल, जंत असतील तर त्याचा उपचार करूच. पण यातली बरीच मुलं संध्याकाळी तासभर मातीत खेळून आली की कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मागून खातात. टॉनिकची बाटली निम्मी तशीच राहते.

झोपेचं गणित उजेडावर चालतं. सकाळी डोळ्यात उजेड गेला की शरीराचं घड्याळ लागतं आणि त्या हिशेबाने रात्री झोपेचं मेलाटोनिन सुटतं. सकाळ पडदे ओढलेल्या खोलीत आणि रात्र मोबाइलच्या प्रकाशात, असं उलटं झालं की मूल साडेअकरापर्यंत टक्क जागं आणि शाळेच्या वेळी उठता उठत नाही. सकाळचं अर्धा तास बाहेर राहणं नियमित झालं की दोनेक आठवड्यांत फरक दिसायला हवा. दिसला नाही तर रात्रीच्या मोबाइलकडे बघा.

मन आणि एकाग्रतेबद्दल सध्या फार मोठमोठे दावे ऐकायला येतात, तिथे जरा जपून बोलावं लागतं. डेन्मार्कमध्ये नऊ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या, २०१९ साली ते प्रसिद्ध झालं. ज्यांचं बालपण सगळ्यात कमी हिरवाईत गेलं त्यांच्यात पुढे मानसिक आजारांचा धोका ५५ टक्क्यांपर्यंत जास्त दिसला. आकडा मोठा आहे. पण हिरव्या वस्तीत राहणाऱ्यांचं आयुष्य इतर बाबतींतही वेगळं असतं. संशोधकांनी घरची परिस्थिती हिशेबात घेतली होती, तरी झाडांमुळेच हे झालं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात चंचलता आणि लक्ष न लागण्याचा विकार असलेल्या मुलांना वीस मिनिटं बागेत फिरवून आणलं तेव्हा शहराच्या रस्त्यावर फिरवून आणल्यापेक्षा त्यांचं लक्ष चांगलं लागलं. अभ्यास चांगला, पण मुलं फक्त १७. म्हणून अशा मुलाचं औषध बंद करून त्याला बागेत नेऊ नका, औषध चालू ठेवून बागेत न्या. बाकी माझं स्वतःचं निरीक्षण म्हणाल तर गृहपाठाला पाच मिनिटं न टिकणारं पोर मुंगळ्यांच्या रांगेपुढे उकिडवं बसून, त्यांनी ओढत नेलेला मेलेला किडा बिळात जाईपर्यंत हलत नाही. लक्ष त्याच्यापाशी आहे, ते कुठे लागतं एवढाच प्रश्न आहे.

मातीतल्या जंतूंचंही असंच. फिनलंडमध्ये पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून टाकली. २८ दिवसांत मुलांच्या कातडीवरच्या जंतूंचं वैविध्य वाढलं आणि रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या काही खुणा बदलल्या. त्यांचे आजार कमी झाले असं त्यात सिद्ध झालेलं नाही. मातीत खेळू द्या असं मी सांगतो ते खुशाल, पण 'मातीने प्रतिकारशक्ती वाढते' असा शिक्का मारून नव्हे. आणि आपल्याकडची माती फिनलंडची नाही. उघड्यावर शौच होते अशा जागी अनवाणी सोडलं तर आकडी जंत पायातून शिरतात आणि रक्त पितात. चप्पल घालून, आल्यावर साबणाने हात धुऊन, नखं कापून, आणि वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी न चुकवता.

आता सोलापुरात हे बसवायचं कसं.

वर्षाचे तीन भाग करा. मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी सहानंतर. मे महिन्यात सहाच्या सुमारास उजाडतं, सातपर्यंत उन्हाला धार नसते आणि उजेड मात्र डोळ्याला हवा तेवढा असतो. साडेदहा-अकरा ते पाच तर घरातच. सूर्य मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या अगदी डोक्यावरून जातो, तेव्हा भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. त्या वेळी ड जीवनसत्त्वाच्या नावाखाली कुणाला बाहेर काढू नका. पावसाळ्यात वेळेचं बंधन नाही, आपल्याकडे पाऊस पडतोच किती! ढगाळ दिवशीही बाहेर घरापेक्षा कितीतरी पट उजेड असतो, म्हणून 'आज ऊन नाही' ही सबब चालत नाही. हिवाळा हा राजा. तेव्हा सकाळ, दुपार, संध्याकाळ काहीही चालतं.

दोन तास सलग लागत नाहीत, तुकडे चालतात. सकाळी पाऊण तास, शाळेत मधल्या सुट्टीची वीस-पंचवीस मिनिटं, संध्याकाळी पाऊण तास. शाळा जवळ असेल तर व्हॅनऐवजी चालत. शाळेतला वाटा मोठा आहे आणि तो पालकसभेत मागावा लागतो: डबा वर्गात न खाता झाडाखाली खाऊ द्या, आणि गृहपाठ केला नाही म्हणून खेळाचा तास काढून घेऊ नका. ग्वांगझूतल्या शाळांनीही याहून वेगळं काही केलं नव्हतं, मुलांना चाळीस मिनिटं वर्गाबाहेर काढलं एवढंच. बाहेर बसून मोबाइल बघितला तर उजेड मिळतो, पण नजर पुन्हा वीतभर अंतरावरच अडकते. मोबाइल घरी.

जागा म्हणाल तर महाबळेश्वर लागत नाही. 'निसर्ग' म्हणजे दऱ्या-धबधबे असं चित्र डोक्यात असल्यामुळे सोलापूरची माणसं वर्षातून एकदा मुलांना डोंगरात नेतात आणि उरलेलं वर्ष घरात ठेवतात. आपला निसर्ग माळाचा आहे, कडुलिंबाचा, बाभळीचा आणि तळ्यांचा. तुमच्याकडून विजापूर रोडवरचा धर्मवीर संभाजी तलाव जवळ आहे, ज्याला आपण कंबर तलाव म्हणतो. त्याच रस्त्याला सिद्धेश्वर वनविहार आहे. सकाळी तिथे मुलांना पळायला जागा, पाखरं आणि सावली तिन्ही मिळतं. गावात असाल तर भुईकोट किल्ल्याची बाग, सिद्धेश्वर तळ्याचा काठ. होम मैदान मोकळं असतं, जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते तेवढे दिवस सोडून. पूर्व भागातल्या कारखान्यांच्या बोळांत राहणाऱ्यांना हे लांब पडतं, त्यांच्या मुलांसाठी गच्ची आणि शाळेचं मैदान हेच खरं. गच्चीवरही उजेड तोच असतो, कठडा तेवढा उंच पाहिजे.

रविवारी लांब जायचं असेल तर हिप्परग्याचा तलाव आहे, नान्नजचा माळ आहे. नान्नजला माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. माळढोक दिसेल या आशेने जाऊ नका, तो आता दिसेनासा झालाय. काळविटांचे कळप दिसतात, पावसाळा संपताना गवत गुडघ्याएवढं असतं आणि नजर क्षितिजापर्यंत जाते. चष्म्याच्या मुलाला लांबवर बघायला याहून चांगली जागा जिल्ह्यात नाही. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर मातीत मखमली लाल मृगाचे किडे निघतात, ते मुलाच्या तळहातावर एकदा चालू द्या आणि परत सोडायला लावा. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लागतात ते दाखवा. माहिती सांगत बसू नका, लगेच शाळा होते.

धोक्यांचं आता, कारण त्यांच्यापायीच सगळे अडतात.

उन्हाळ्यात बाहेर पडण्याआधी पाणी प्यायला लावा, तहान लागण्याची वाट पाहू नका. लघवी गर्द पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. आल्यावर ताक, लिंबू सरबत, पन्हं, बाटलीतलं रंगीत पेय नको. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर आली की सावलीत आणून झोपवा आणि पाणी द्या. मूल असंबद्ध बरळू लागलं, गुंगीत गेलं, अंग तापलेलं असेल, तर ताप समजून पॅरासिटामॉल देत बसू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि तसंच उचलून दवाखान्यात. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

कुत्र्याची भीती रास्त आहे. पळायचं नाही, दगड मारायचा नाही, खाताना किंवा पिल्लांपाशी असताना जवळ जायचं नाही, हे मुलांना शिकवा. तरी चावलं, नखं लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं जखम धुवा. हळद, मिरची, चुना काही लावू नका. त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा, सरकारी रुग्णालयात मिळते. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्या. मुलं मार बसेल म्हणून ओरखडा लपवतात. कुत्र्याचं सांगितलं तर रागावणार नाही, असं त्यांना आधीच सांगून ठेवा.

माळावर दगड उलथायची हौस मुलांना फार, आणि दगडाखाली विंचू असतो. दगड हाताने उचलायचा नाही, काठीने. लाल विंचू चावला आणि मूल घामाघूम झालं, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे मृत्यू किती कमी होतात हे दाखवून दिलं, पण औषध वेळेत पोटात जायला हवं. पावसाळ्यानंतर गाजर गवत फुलतं. दमा किंवा अंगाला खाज असलेल्या मुलाला त्यापासून लांब ठेवा. तळं, विहीर, शेततळं इथे मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, काठावर बसून मोबाइल बघणारं नको.

यातला एकेक धोका वाचून घाबरू नका. चार घरांनी मिळून पाळी लावली तर सोपं जातं. एक दिवस एक आई किंवा बाबा, आजोबा असतील तर उत्तमच, आणि सोबत सात-आठ मुलं. मुलांना मुलं हवी असतात, तुमच्या कामाचे तीन दिवसही सुटतात.

सध्या एवढं करा. दादाचा नंबर बाहुली मोठी करणारे थेंब टाकून काढला होता का ते विचारा, कारण लहान मुलांत थेंबांशिवाय काढलेला उणे नंबर जास्त येऊ शकतो. सहा महिन्यांनी पुन्हा तपासा आणि सोय असेल तिथे डोळ्याची लांबी मोजून नोंद ठेवा. धाकटीची तक्रार नसली तरी तिचे डोळे याच फेरीत तपासून घ्या. मुलाच्या आणि मुलीच्या लसीकरणाची कार्डंही काढून बघा. पाच वर्षांचा त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) डोस दादाचा राहिला असेल तर सात वर्षं पूर्ण झाल्यावर त्याऐवजी कोणती लस द्यायची ते डॉक्टरांना विचारा. मैदानात पडणाऱ्या मुलाला धनुर्वाताची लस अद्ययावत हवी.